आडवा लावलेला तुकडा

भरतेश मगदूम मला वर्षातून एकदा भेटतो. मे महिन्यात, गुऱ्हाळ बंद झाल्यावर, दहा मिनिटं. चोवीस वर्षं हे असंच चाललंय. वरच्या मजल्यावर त्याची तपासणी होते, स्कॅन होतो, आणि मग तो जिना उतरून आमच्या पॅथॉलॉजीत येतो. टेबलावर काकवीची बाटली ठेवतो आणि म्हणतो, "जय जिनेंद्र, डॉक्टरीणबाई. अजून एक वर्ष मिळालं."

मी म्हणते, "बाटली चिकट झालीय. पुसून तरी आणायची."

मग आम्ही उसाबद्दल बोलतो, कृष्णेच्या पाण्याबद्दल, त्याच्या भावाच्या दोन मुलींबद्दल. घड्याळात दहा मिनिटं झाली की तो उठतो. तो गेला की मी दार लावून घेते आणि अर्धा तास कुणाला भेटत नाही. बाहेरच्या पोरींना वाटतं, मॅडम डबा खातात.

मी डॉक्टर त्रिशला उपाध्ये. वय एक्कावन्न, विभागप्रमुख, तोंडाने फटकळ, लग्न झालेलं नाही. झालं असतं तर या भरतेशशीच झालं असतं. दोन हजार एकोणीसच्या पाडव्याला आमचा साखरपुडा झाला होता. मी तेव्हा याच हॉस्पिटलात पॅथॉलॉजी शिकत होते आणि तो साखर कारखान्यात बॉयलरवर होता. मार्गशीर्षातली तारीख काढली होती. माझ्या आईने जावयासाठी जरीकाठी धोतरजोडी आणून ट्रंकेत ठेवली होती. ती अजून तिथेच आहे.

श्रावणात त्याला त्रास सुरू झाला. वृषणाच्या पिशवीत पाणी साठत होतं. होणारी बायको डॉक्टर, आणि हा गडी तीन आठवडे लाजत बसला. शेवटी फोनवर म्हणाला, "तुमच्या दवाखान्यात एक काम होतं. पण तू त्या दिवशी सुट्टी घे." मी हसून हसून बेजार झाले. म्हटलं, "अरे शहाण्या, मी माणसं बघतच नाही, मी त्यांचे तुकडे बघते."

हे वाक्य आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

सर्जनने पाणी काढलं तेव्हा पिशवीच्या आतल्या अस्तरावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी दिसल्या. त्यांनी तो अस्तराचा तुकडा कापून आमच्याकडे पाठवला.

इथे थोडं शास्त्र सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या छातीला आणि पोटाला आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. त्याला मेसोथेलियम म्हणतात. पुरुषाचं वृषण जन्माआधी पोटात तयार होतं आणि मग खाली उतरतं. उतरताना ते या अस्तराची एक घडी बरोबर ओढून नेतं. म्हणून पोटातलं अस्तर थेट तिथे, वृषणाभोवती पिशवी होऊन बसलेलं असतं. त्या पिशवीत पाणी साठलं की अस्तर चिडतं, त्याच्या पेशी भराभर वाढतात, बारीक गाठी करतात. या बहुतेक गाठी निरुपद्रवी. पण फार क्वचित तीच वाढ मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर निघते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की भल्याभल्यांची भंबेरी उडते. त्या काळी आम्ही एक गोष्ट आधी बघायचो: पेशी आपल्या थरात राहिल्यात, की खालच्या चरबीत घुसल्यात? घुसल्या असतील तर कॅन्सर.

आणखी एक. हा कॅन्सर ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांमुळे होतो असं पुस्तकात असतं. भरतेशच्या अर्जावर सर्जनने लिहिलं होतं, 'सात वर्षं बॉयलरवर काम, ॲस्बेस्टॉसची दोरी हाताळतो.'

दोन दिवसांनी आमच्या सरांनी स्लाईड बघितली. बराच वेळ बघितली. मग मान न उचलता म्हणाले, "चरबीत आहेत गं. आणि त्यातून बॉयलरवाला." मला सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून बघायला सांगितलं. मी बघितलं. पांढऱ्या, जाळीदार चरबीच्या मधोमध जांभळ्या पेशींची बेटं होती.

खात्रीसाठी एक जनुकीय तपासणी मुंबईला पाठवता आली असती. सर म्हणाले, चरबीत स्पष्ट दिसतंय, मग कशाला वेळ घालवायचा. मला ते पटलं. मला तेव्हा फक्त तो वाचायला हवा होता, आणि लवकर.

कँटीनच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, भरतेशने मला विचारलं, "किती?"

मी त्याला पुस्तकातला आकडा सांगितला. "दोन वर्षं. फार तर तीन."

दुसऱ्या आठवड्यात त्याचा भाऊ आमच्या घरी येऊन साखरपुड्यात आम्ही भरतेशला दिलेले कपडे आणि अंगठी परत देऊन गेला. त्याला वाटलं असेल की मोडणाऱ्याने आधी द्यावं. भरतेशने फोनवर एवढंच म्हटलं, "तुला विधवा करायला मला लग्न करायचं नाही." मी रडले, भांडले, फोन आपटला. पण त्याच्या गावी, दानोळीला, गेले नाही. सांगलीहून एसटीने पाऊण तास लागतो, तरी गेले नाही. मी भ्याले होते. दोन वर्षांच्या नवऱ्याला भ्याले. दुसरं काही कारण सांगितलं तर खोटं होईल.

त्याचं मोठं ऑपरेशन झालं, वृषण काढलं, मग केमोचे सहा डोस. त्या औषधाने त्याचा डावा कान गेला. कारखाना सुटला आणि तो घरच्या गुऱ्हाळावर उभा राहिला. काढलेल्या वृषणात कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. आम्ही म्हटलं, बघा, सगळा रोग त्या पहिल्या तुकड्यातच निघून आला होता! सरांनी या केसवर लेख लिहिला. दोन वर्षं गेली, पाच गेली, दहा गेली, भरतेश मरायचं नाव घेईना. तरी डॉक्टर दर मे महिन्यात सांगायचे की हा रोग पंधरा वर्षांनीही उलटतो, तपासणी सोडू नका. म्हणून तो यायचा. म्हणून त्याने लग्न केलं नाही. आणि मी का केलं नाही ते मी कुणाला सांगितलेलं नाही, त्यालाही नाही.

एवढ्या वर्षांत माझा आधार एकच होता. माझा संसार झाला नाही, पण माणूस जिवंत आहे, आणि तो आमच्या निदानामुळे जिवंत आहे. काकवीची बाटली फडक्याने पुसताना मी हे स्वतःला दरवर्षी सांगायचे.

*

या वर्षी, म्हणजे दोन हजार त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत, आमच्याकडे 'अखंडदर्शी' आलं. कपाटाएवढं यंत्र, आवाज फ्रीजइतका.

त्याचं काम सांगते. आम्ही पॅथॉलॉजीवाले माणसाचा तुकडा मेणात बसवतो. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. मग त्या ब्लॉकचा केसाहून पातळ काप काढायचा, रंगवायचा, काचेवर बघायचा. म्हणजे अख्ख्या ब्लॉकातला एक काप बघून आम्ही माणसाचं भवितव्य सांगायचो. उरलेला ब्लॉक कपाटात. अखंडदर्शीला काप लागत नाही. ते अख्ख्या ब्लॉकमधून किरण पाठवतं आणि आतल्या एकूणएक पेशीचं घनचित्र उभं करतं. कुठली पेशी कुठल्या थरात आहे ते चारी बाजूंनी फिरवून दाखवतं. शिवाय प्रत्येक पेशीच्या केंद्रात डोकावतं. मेसोथेलिओमात पेशीची राखण करणारी दोन जनुकं बहुतेक वेळा हरवलेली असतात, आणि साध्या वाढीत ती शाबूत असतात. पूर्वी मुंबईला पाठवावी लागणारी तपासणी हीच, आता चाळीस मिनिटांत.

सरकारने हुकूम काढला की पंचवीस वर्षांपर्यंतचे जुने कॅन्सरचे ब्लॉक या यंत्राखाली घालायचे. निदान बदललं तर तीस दिवसांत रुग्णाला कळवायचं.

आमच्या विभागातली सगळ्यात हुशार पोर म्हणजे डॉक्टर ओवी लिगाडे. हुशार आणि उतावळी. पहिल्याच आठवड्यात ती एक ब्लॉक हातात नाचवत आली. "मॅडम, तुमची फेमस केस! एकोणीस सालचा मेसोथेलिओमा, चोवीस वर्षं जिवंत! सरांच्या लेखात तुमचंही नाव आहे. हाच पहिला घालते."

"घाल की," मी म्हटलं. मी तेव्हा फायली बघत होते.

तासाभराने ती परत आली तेव्हा नाचत नव्हती. "मॅडम, यंत्रात काहीतरी गडबड आहे. पुन्हा घालते." तिने तीनदा घातला. तिसऱ्या वेळी मी स्वतः जाऊन पडद्यासमोर बसले.

दोन्ही जनुकं शाबूत होती. प्रत्येक पेशीत. दोन गाठींपैकी एक नुसती चिडलेल्या अस्तराची घडी, दुसरी तिथे होणारी साधी, निरुपद्रवी गाठ. आणि चरबीत एकही पेशी नव्हती. ओवीने चित्र हळूहळू फिरवलं, तेव्हा ती जांभळी बेटं एकमेकांना जोडलेली दिसली. अस्तराच्या चुण्या होत्या त्या. वरून तिरक्या छाटल्या गेल्यामुळे तुटक दिसत होत्या.

खाली यंत्राने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ तुकडा ब्लॉकमध्ये आडवा बसवलेला आहे.'

आमच्या उपाध्यांच्या जैन घरात कांदा येत नाही. त्यामुळे मी आयुष्यात पहिला कांदा कापला तो हॉस्टेलवर, आणि तोही भलत्याच बाजूने. कांदा नीट मधोमध कापला की थर एकामागून एक दिसतात. पण त्याचा गाल तिरका छाटला की एका थराचे ठिपके दुसऱ्यात घुसल्यासारखे दिसतात. ते घुसलेले नसतात, आपण सुरी तशी धरलेली असते. अस्तराच्या तुकड्याचंही हेच. म्हणून तो मेणात नेहमी उभा लावायचा, कडेवर. आमच्या धंद्यातला अगदी पहिल्या दिवशी शिकवलेला नियम आहे हा.

"कुणी लावला असेल हो, मॅडम?" ओवी म्हणाली. "इतकी ढोबळ चूक?"

मला ती दुपार लख्ख आठवली. आमचे टेक्निशियन बाबालाल मुल्ला, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, तीस वर्षं ब्लॉक लावणारे. त्यांनी भरतेशच्या नावाची डबी उचलली आणि मी ती त्यांच्या हातातून घेतली. "चाचा, हा मी लावते."

"मॅडम, मी लावतो की. तुम्ही बसा निवांत."

"नको. हा माझा आहे."

चाचांना साखरपुड्याचे पेढे मीच दिले होते. ते बाजूला सरले. मी चिमट्याने तो तुकडा मेणात ठेवला. कुणी परक्याने हात लावू नये म्हणून मी लावला. मेण गोठायला लागलं तेव्हा चाचांनी मागून विचारलं, "उभा लावलाय न्हवं?"

मी वळूनसुद्धा बघितलं नाही. "मला येतं, चाचा," असं फाडकन म्हणाले.

त्यांनी लावला असता तर भरतेश मार्गशीर्षात घोड्यावर बसला असता.

"मी लावला," मी ओवीला सांगितलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून दार लावलं.

*

पडद्यावर तीन चौकटी होत्या. निदान कायम. निदान बदललं. अनिर्णित.

'बदललं' दाबलं की कारण लिहायचं. तिथे तयार वाक्यं होती आणि पहिलंच वाक्य होतं, 'तत्कालीन तंत्राची मर्यादा.' ओवी हळूच म्हणाली, "मॅडम, हे खोटं नाही ना तसं. तंत्राची मर्यादा होतीच." पोरीचा जीव होता माझ्यावर, म्हणून म्हणाली.

पण माझी नजर तिसऱ्या चौकटीवर होती. 'अनिर्णित' दाबलं की कुणाला काही कळवायचं नाही. रुग्णाची वार्षिक तपासणी पूर्वीसारखी चालू. म्हणजे मे महिना चालू. काकवी चालू. मी दहा मिनिटं त्याच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत बसणार, कारण त्याला उजव्याच कानाने ऐकू येतं. मी मरेपर्यंत किंवा तो मरेपर्यंत.

हसू नका, पण मी आठ आठवडे ती केस तशीच ठेवली. विभागप्रमुख असल्याचा असाही उपयोग असतो. रोज संध्याकाळी सगळ्या गेल्या की मी ती केस उघडायचे आणि बंद करायचे. मनात म्हणायचे, काय बिघडलं? त्याला तरी हे कळून काय मिळणार? गेलेला कान परत येणार आहे? तीस वर्षांचा भरतेश परत येणार आहे? उगाच जखम उकरायची. हे सगळं मी त्याच्या भल्यासाठी बोलतेय असं मला खरंच वाटायचं.

मग एके दिवशी त्याच्या फाईलमधली जुनी पानं चाळताना मला एक ओळ दिसली. दहा वर्षांपूर्वी वरच्या डॉक्टरांनी लिहिलेली. 'रुग्ण विचारतो, आंब्याचं झाड लावू का. फळ यायला किती वर्षं लागतात ते सांगितलं. रुग्ण म्हणाला, मग नको.'

मी फाईल मिटली. मग 'बदललं' दाबलं आणि कारणाच्या रकान्यात टाईप केलं, 'तुकडा आडवा लावला गेला. लावणारी व्यक्ती: डॉ. त्रिशला उपाध्ये. टेक्निशियनने विचारूनही तपासलं नाही.' यंत्राने संदेशाची तारीख टाकली, चौदा मे. भरतेशची तपासणी बारा मेला होती. म्हणजे यंत्राच्या आधी मला दोन दिवस मिळत होते.

*

बारा तारखेला तो आला. चोपन्न वर्षांचा, केस पांढरे, शर्टाची बाही दुमडलेली. बाटली ठेवली. "जय जिनेंद्र, डॉक्टरीणबाई. अजून एक वर्ष मिळालं." आणि थांबला, बाटली चिकट झाल्याचं ऐकायला.

मी म्हटलं, "बस, भरतेश." आणि सगळं हळू आवाजात सांगितलं.

त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. "मोठ्यानं बोल की. काही ऐकू आलं नाही."

आमच्या खोलीच्या भिंती प्लायवूडच्या आहेत. पलीकडे ओवी आणि चार पोरी बसल्या होत्या. मला ते सगळं परत म्हणावं लागलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "तुला कॅन्सर नव्हता. कधीच नव्हता. पहिला तुकडा मी लावला. मी चुकीचा लावला. त्यामुळे कॅन्सर दिसला."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला.

"नव्हता म्हणजे बरा झाला?"

"नाही. नव्हताच."

"मग ते ऑपरेशन?"

"नको होतं."

"ती औषधं?"

"नको होती."

त्याने डाव्या कानाला हात लावला. विचारलं नाही. मी तरी उत्तर दिलं, "तोही जायला नको होता."

मला वाटलं, तो ओरडेल. देवाशपथ, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाटलीकडे बघत म्हणाला, "बाबालालचाचा होता की त्या वेळेस. त्यानं नव्हता लावला?"

"त्यांना मी लावू दिला नाही. उभा लावलाय का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला येतं."

"का लावू दिला नाहीस?"

"तुझा होता म्हणून."

तो हसला. फार वाईट हसला. "तू दोन वर्षं म्हणालीस," तो म्हणाला. "दोन वर्षं संपली त्या दिवशी मी आंघोळ करून, देवदर्शन घेऊन ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, आज काय ते होऊ दे. संध्याकाळी वहिनी म्हणाली, भावजी, जेवायला येताय ना, दिवस मावळेल. मग जेवलो. त्यानंतर एकेक वर्ष मोजत आलो. चप्पल झिजली तर वाटायचं, नवी कशाला. भाऊ म्हणायचा, बांधावर आंबा लाव. मी म्हणायचो, फळ कोण बघणार आहे. आणि तू म्हणतेस, नव्हताच."

"हो."

"तू मला आज का सांगतेस? कुणाला कळलं असतं?"

"परवा यंत्र तुला सांगणार आहे. पण ते नाही कारण. मी ते थांबवू शकत होते. आठ आठवडे थांबवलं सुद्धा." मी बाटली जवळ ओढली. "मला तू यायला हवा होतास, भरतेश. कॅन्सर असला तरच तू येतोस. दुसऱ्या कशाला तू इथे आला असतास?"

तो उठला. फाईल टेबलावरच ठेवली, चोवीस वर्षांची जाडजूड फाईल. दारापाशी गेला आणि माझ्याकडे न वळता म्हणाला, "आणि मी आता मे महिन्यात घरातून काय सांगून निघायचं?"

तो जिना चढून गेला. आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यानेही चोवीस वर्षं या दहा मिनिटांसाठीच तपासणी चुकवली नव्हती.

*

चौकशी समिती बसली. मला लेखी समज मिळाली आणि विभागप्रमुखपद ओवीच्या वरच्या डॉक्टरांकडे गेलं. सरांचा लेख मागे घेतला गेला. सर आता हयात नाहीत, त्यामुळे शिव्या मी एकटीने खाल्ल्या, आणि बऱ्याच खाल्ल्या. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. पण घरी गेल्यावर मला आठवायचं ते समितीचं बोलणं नाही, दारातली पाठ आठवायची.

भरतेशचा फोन आला नाही. मीही केला नाही. दर रविवारी फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. काकवीची ती बाटली मी उघडली नाही. टेबलावरच होती. पोरी तिला हात लावत नव्हत्या.

कार्तिक लागला. ऊस तुटायला लागला, रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागले. एका शनिवारी सकाळी मी बाटली पुसली, पिशवीत घातली आणि सांगली स्टँडवर जाऊन दानोळीच्या गाडीत बसले. गाडी आता विजेवर चालते. पण वेळ तेवढाच लागला, पाऊण तास. सत्ताविसाव्या वर्षी मला जे अंतर जमलं नव्हतं ते एवढंच होतं.

गुऱ्हाळ कुणाला विचारावं लागलं नाही. धूर दिसत होता आणि वास येत होता. वाटेत बांधावर काटेरी कुंपण केलेलं एक रोप दिसलं, नुकतंच लावलेलं, चारच पानांचं. मी वाकून पान चोळून बघितलं. आंबा होता.

तो रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, काहिलीजवळ, उभा होता, लांब दांड्याच्या पळीने रस ढवळत. खालच्या चुलवाणातल्या जाळाच्या आचेने चेहरा लाल झालेला. मला बघून हात थांबला. मग पुन्हा ढवळायला लागला.

"कशाला आलीस?"

मी जाऊन त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले. "काही कारण नाही. तुला मे महिन्यात सांगायला कारण राहिलं नाही, मला कार्तिकात नाही. तशीच आले. चोवीस वर्षांपूर्वी यायला पाहिजे होतं, तेव्हा मी भ्याले."

"मी अजून रागावलोय, त्रिशला."

"रागाव की. मी कुठे नको म्हटलं?"

त्याने पळीतला रस वर धरून त्याची धार बघितली आणि परत सोडली. मग पायाने एक लाकडी पाट माझ्याकडे सरकवला.

"बस," तो म्हणाला. "काहील उतरायला अजून तास लागेल."

तास! मी पाटावर बसले, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पिशवीत टाकलं.